रातांबे उतरवताना: आमसूल घालायचं की आगळ?

आंब्याच्या पेट्या भरायच्या धांदलीत रातांब्याकडे, म्हणजे कोकमाच्या फळाकडे, कोणाचं लक्ष नसतं, आणि तो पिकतो नेमका मृगाच्या तोंडावर. झाडं लालभडक झालेली आणि वर आभाळ भरून आलेलं, हे दरवर्षीचंच.

आधी उन्हाचा अंदाज घ्या. पुढे आठवडाभर कडक ऊन मिळणार असेल तरच आमसुलं घाला. फळं फोडून बिया-गर वेगळा करायचा, रसात मीठ विरघळवायचं, सालं त्यात भिजवून वाळवायची. संध्याकाळी पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात. अशी चार-पाच पुटं बसली की आमसूल काळपट, मऊ होतं. मधेच पाऊस आला तर बुरशी धरते आणि सगळी मेहनत पाण्यात. तेव्हा आभाळाचा भरवसा नसेल तर सरळ आगळ, म्हणजे मीठ घातलेला रस, करा. किलोभर रसाला दीडेकशे ग्रॅम मीठ पुरतं. सोलकढीला वर्षभर होतं आणि गिऱ्हाईकही मिळतं. भांडं मात्र स्टीलचं, काचेचं नाहीतर चिनी मातीचं घ्या. लोखंड-अ‍ॅल्युमिनियमला हे आंबट सोसत नाही.

अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की आमसुलाचं पाणी चोळायची आपल्याकडची जुनी रीत. धाप लागली किंवा ओठ सुजले तर मात्र डॉक्टरच गाठा. बिया फेकू नका. वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की थंड झाल्यावर तेल वर थिजतं. त्याचे मुठीत वळलेले गोळे म्हणजे मुठेल. टाचांच्या भेगांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

नवी लागवड करायची तर उताराची, वरकस म्हणजे हलकी जमीनही चालते. सदाहरित झाड, माती धरून ठेवतं आणि फवारणीचा जाच नाही. पण बियांपासूनच्या रोपांत जवळपास निम्मी बिनफळाची नर निघतात, नि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. म्हणून कलमंच लावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात पावसाआधी हाती येते, आपल्या अडचणीवर तीच बरी. सगळे नर तोडू नका. दहा माद्यांमागे एक लागतोच.

घरचंच एखादं झाड भरघोस, मोठ्या फळाचं असेल तर फळं उतरवायच्या आधी त्याला चिंधी बांधून ठेवा. पुढे कलमाला काड्या काढताना सगळी झाडं सारखीच दिसतात.