गच्चीवरच्या टबात अझोला: वाढवायचा कसा, बघायचा कसा

अझोला म्हटलं की गोठा आठवतो, गाईम्हशींचं आणि कोंबड्यांचं खाद्य आठवतं. पण हे पाण्यावर तरंगणारं नेचं, म्हणजे फर्न आहे. फूल नाही, बी नाही, तरी त्याचा सगळा जीवनक्रम पुण्यातल्या गच्चीवर एका टबात बघता येतो.

टब पसरट घ्या, खोल नको. पाणी वीतभरापेक्षा कमीच पुरतं. तळाशी चाळलेली माती पसरा, त्यावर मूठभर शेण पाण्यात कालवून ओता. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच वापरा, म्हणजे क्लोरीन उडून जातो. चिमूटभर सिंगल सुपर फॉस्फेट हे खत टाका. युरिया मात्र नको. नायट्रोजनची सोय हे नेचं स्वतः करतं, स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, त्याला बाहेरून लागतं.

कल्चर, म्हणजे सुरुवातीला सोडायचा मूठभर जिवंत अझोला, एखाद्या गोठेवाल्याकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारून बघा. आपल्याकडे मूळचा आहे तो अझोला पिनाटा. आणलेली मूठ आधी परातीत पाण्यावर पसरून निवडा, कारण त्यात हमखास डकवीड मिसळलेलं असतं. डकवीडचं पान गुळगुळीत, टिकलीसारखं. अझोला त्रिकोणी, खवलेदार. नदीत माजते ती जलपर्णी ही तिसरीच गोष्ट, ती सपुष्प वनस्पती आहे.

टब ठेवायचा अर्ध्या सावलीत. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा हिरवी नेट बांधाच. साधारण २० ते ३० अंशांत हा खुशीत असतो. कडक ऊन, थंडी किंवा स्फुरदाची कमतरता असली की तांबूस होतो. रोग समजून कोणी औषध फवारू नये. डासांचं म्हणाल, तर अझोल्याचा थर डास रोखतो या समजुतीवर विसंबू नका. दोन-चार गप्पी मासे सोडा.

आता खरी मजा. घड्याळवाले वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळवा. आधी एक रोप बोटाने पाण्याखाली दाबा आणि सोडा: वर येतं ते कोरडंच, कारण पानांवरच्या बारीक उंचवट्यांत हवा अडकून राहते. मग उलटं करा. पिसासारखी मुळं लोंबताना दिसतील. प्रत्येक पानाचे दोन भाग असतात. वरचा जाड आणि हिरवा, खालचा पातळ, जवळजवळ रंगहीन, पाण्यात बुडालेला.

वरच्या भागात एक पोकळी असते आणि तिच्यात भाडेकरू राहतो, नीलहरित जिवाणू. पुस्तकांत तो ॲनाबिना या नावाने भेटतो. तो बघायला मायक्रोस्कोप हवा. ओळखीत कोणी बायोलॉजीचे शिक्षक असतील तर प्रयोगशाळेत अर्धा तास मागून घ्या. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात एक पान ठेवा, वर कव्हरस्लिप ठेवून हलकेच चिरडा आणि चारशेपटीवर बघा. निळसर हिरव्या माळा बाहेर सांडलेल्या दिसतील. मधूनमधून एखादा मणी मोठा, फिकट, जाड भिंतीचा असतो, तो हेटेरोसिस्ट. हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया तिथे होतो. या कामाला ऑक्सिजन चालत नाही, म्हणून ती जाड भिंत. हरभऱ्याच्या प्रत्येक रोपाला मुळांवरच्या गाठींसाठी जिवाणू मातीतून नव्याने मिळवावे लागतात. अझोल्याचा भाडेकरू वाढत्या शेंड्यासोबत पुढे सरकतो आणि बीजाणूंबरोबर (नेच्याला बी नसतं, त्याचं काम हे सूक्ष्म कण करतात) पुढच्या पिढीतही जातो.

ते बीजाणू शोधायचे तर थंडीत रोपं उलटी करून फांद्यांच्या बुंध्याशी बघा. जोडीने बसलेल्या बारीक गोळ्या दिसल्या तर नशीब समजा. लहान निमुळती ती मादी, मोठी गोल ती नर. सापडतीलच असं नाही, कारण एरवी हे नेचं तुकडे होऊनच वाढतं: जुना बुंधा तपकिरी पडतो, बाजूच्या फांद्या सुटतात आणि प्रत्येक फांदी नवं रोप होते. एक रोप वेगळ्या वाटीत ठेवून रोज त्याचा फोटो काढा, हे सुटणं नीट टिपता येईल.

सगळं जमलं तर आठवड्याच्या आत वजन दुप्पट होतं, म्हणून टब गच्च भरला की निम्मा अझोला काढत जा. दाटी झाली की खालचा थर कुजतो आणि वास सुटतो. काढलेला कुंड्यांत मातीखाली दाबा किंवा कंपोस्टमध्ये टाका. पाषाण तलावात, ओढ्यात किंवा मुठा नदीत सोडू नका. स्थिर पाण्यावर त्याचा थर जमला की खाली उजेड पोचत नाही.