एमबीबीएसची जागा: सोलापूर, धाराशिव, लातूर की खासगी?

नीटनंतर चार कॉलेजांची पत्रं समोर ठेवून त्यातलं एक निवडायची सोय आपल्याकडे नाही. खरी निवड पसंतीक्रम भरताना होते, आणि नंतर प्रत्येक फेरीत मिळालेली जागा पक्की करायची की पुढच्या फेरीत वरच्या पसंतीकडे सरकायचं हे ठरवताना. म्हणून यादी लॉक करण्याआधीच कॉलेजं बघून या.

७०:३० चा प्रादेशिक कोटा (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना) २०२० मध्ये रद्द झाला. तेव्हापासून सोलापूरच्या मुलांना लातूर, अंबाजोगाई, धाराशिव ही मराठवाड्यातली कॉलेजंही पुणे-मिरजेसारखीच खुली आहेत. जुन्या कटऑफच्या गप्पांवर जाऊ नका, गेल्या दोन वर्षांच्या फेरीनिहाय याद्या बघा.

कॉलेज बघायला गेलात की इमारतीत वेळ घालवू नका. सकाळी नऊच्या सुमारास ओपीडीत केसपेपरच्या खिडकीजवळ अर्धा तास थांबा. मग मेडिसिन, सर्जरी आणि स्त्रीरोगच्या वॉर्डांत भरलेल्या खाटा मोजा. रुग्ण नसतील तर पोरं पुस्तकातूनच शिकतात. आपल्या सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये अक्कलकोट, धाराशिवपासून कर्नाटकच्या सीमेपर्यंतचे रुग्ण येतात. एकाच वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू कानावर पडते. हिस्टरी, म्हणजे रुग्णाच्या आजाराची माहिती, घ्यायला शिकण्यासाठी याहून चांगली जागा मिळणं अवघड. म्हणून या सिव्हिलशी जोडलेल्या, १९६३ पासूनच्या वैशंपायन शासकीय कॉलेजला केवळ ‘घराजवळचं’ म्हणून खाली टाकू नका.

नंतर इंटर्न गाठा आणि नेमकं विचारा: बेडसाइड क्लिनिक आठवड्यातून किती वेळा होतं? प्रसूती स्वतःच्या हातानं केल्या का, टाके घातले का? की दिवस रक्त काढण्यात आणि ट्रॉली ढकलण्यात गेला? पीजीचे निवासी डॉक्टर आहेत का, कारण रात्री शिकवणारे तेच असतात. नव्या कॉलेजात वर्गात मुलं कमी असतात, पण काही विभागांत प्राध्यापकच नसतात. कुठले विभाग रिकामे आहेत तेही विचारून घ्या.

नावासाठी फार ताणू नका. राज्यातली शासकीय आणि बहुतेक खासगी कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच परीक्षा देतात. अभिमत (डीम्ड) विद्यापीठं आपली परीक्षा स्वतः घेतात.

पैशाचा हिशेब वर्षाचा करू नका, पूर्ण साडेपाच वर्षांचा करा: साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. फी, वसतिगृह, मेस, परीक्षा शुल्क आणि अनामत रक्कम स्वतंत्र ओळींत लिहा. शासकीय कॉलेजात फी कमी, पण पदवीनंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. ती टाळली तर १० लाख रुपये भरावे लागतात. खासगीत शुल्क नियामक प्राधिकरणानं मंजूर केलेला आकडा बघा आणि कॅपची (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची) जागा की संस्था कोटा हे नीट तपासा, दोन्हींच्या फीत मोठा फरक असतो. अभिमत विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या पुढे जातं. विजयपूरचं कॉलेज शंभरेक किलोमीटरवर आहे म्हणून अनेकांच्या यादीत येतं, पण तेही अभिमत आहे आणि त्याचे प्रवेश दिल्लीच्या एमसीसीमार्फत (देशपातळीवरची वैद्यकीय समुपदेशन समिती) होतात. कर्ज काढणार असाल तर बँकेचं मंजुरीपत्र फेरीआधीच हातात ठेवा. प्रवेशाची मुदत मोजक्या दिवसांची असते.

सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो अपग्रेडमध्ये, म्हणजे वर सरकताना. एमसीसीत पुढच्या फेरीत नवी पसंती भरली आणि त्यातलं काहीही मिळालं, की आधीची जागा आपोआप जाते. आधीचं कॉलेज जास्त चांगलं होतं, हे यंत्रणेला कळत नाही. म्हणून हातातल्या जागेपेक्षा खरोखर हवी असलेलीच कॉलेजं भरा, एकही जास्तीचं नको. राज्याच्या कॅपमध्ये मिळालेली जागा कायम ठेवायची असेल तर स्टेटस रिटेन्शनचा अर्ज मुदतीत भरा. मात्र तो भरला की पुढच्या फेऱ्या बंद. एमसीसीची पहिल्या फेरीतली जागा घेतली नाही तरी नुकसान नाही, दुसऱ्या फेरीतली नाकारली की नोंदणीच्या वेळी भरलेली अनामत जाते: खुल्या प्रवर्गाला १० हजार, राखीव प्रवर्गाला ५ हजार, अभिमतसाठी २ लाख. नियम दरवर्षी थोडे हलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका शब्दन्‌शब्द वाचा.

कागदांत अडकतं ते बहुधा जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर. अर्जाच्या पावतीवर भागेल असं गृहीत धरू नका. मूळ कागद कॉलेजात जमा करण्याआधी प्रत्येकाचे स्कॅन आणि साक्षांकित प्रतींचे तीन संच काढून ठेवा, म्हणजे वर सरकायची वेळ आली तर धावपळ होणार नाही.