आधी घाट निवडावा, मग किनारा: सातारा-सांगलीकरांसाठी कोकण पाहण्याची रीत

सातारा, कऱ्हाड किंवा सांगलीतून कोकणात जायचे ठरले, की घरात पहिली चर्चा होते ती किनाऱ्याच्या नावाची. कोणी गणपतीपुळे म्हणते, कोणी तारकर्ली, कोणी हर्णै, आणि शेवटी सगळ्यांचे मन राखण्यासाठी तिन्ही ठिकाणे तीन दिवसांत बसवली जातात. अशा सहलीत समुद्रापेक्षा गाडीच्या काचाच अधिक पाहिल्या जातात. माझ्या मते घाटावरच्या माणसाने आधी घाट निवडावा, तो घाट ज्या खाडीकडे उतरतो ती खाडी पाहावी आणि तिच्या दोन्ही काठांवरची गावे व किनारे एवढ्यावरच त्या खेपेपुरते समाधान मानावे. यामागे केवळ प्रवासाची सोय नाही. कोकणातील जुनी शहरे वाळूच्या किनाऱ्यांसाठी वसली नव्हती. जिथे जहाज खाडीतून आत येऊ शके आणि घाटावरून बैलांच्या पाठीवर लादलेला माल खाली उतरू शके, तिथे बाजार, वखार, मशीद, देऊळ आणि किल्ला उभा राहिला. त्यामुळे घाट, खाडी आणि बंदर या क्रमाने गेल्यास गावाचा अर्थ आपोआप उलगडत जातो.

सातारकरांना दोन वाटा जवळच्या आहेत. महाबळेश्वरहून प्रतापगडाच्या पायथ्याने पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट आणि पाटण, कोयनानगरवरून चिपळूणला नेणारा कुंभार्ली घाट. सांगली-मिरजकरांनी कोल्हापूर, मलकापूरमार्गे आंबा घाटाने रत्नागिरी गाठावी. दक्षिणेकडे विजयदुर्ग किंवा मालवण पाहायचे असेल तर गगनबावड्याकडून अथवा फोंडा घाटातून उतरावे. गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट फुटतात व दुरुस्तीसाठी त्यांपैकी एखादा बंद असू शकतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करावी.

पहिल्यांदाच जाणाऱ्या सातारकर कुटुंबाला मी निःशंकपणे कुंभार्ली घाट सुचवीन. कऱ्हाडपासून चिपळूण सुमारे शंभर किलोमीटर आहे. साताऱ्याकडून येणाऱ्यांनी उंब्रजला महामार्ग सोडून मल्हारपेठेवरून पाटण गाठावे, म्हणजे कऱ्हाडचा वळसा वाचतो. हा रस्ता फार जुन्या व्यापारी वाटेचा वारस आहे. कऱ्हाडजवळची आगाशिवची बौद्ध लेणी पाहिली, की या वाटेने दोन हजार वर्षांपूर्वीही वर्दळ होती हे पटते. शिवाय पाण्याचीही एक वाट येथूनच उतरते. कोयना नदी स्वभावाने पूर्वेकडे वाहत जाऊन कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. परंतु धरणात अडवलेले तिचे बरेचसे पाणी बोगद्यांतून पोफळी-अलोऱ्याच्या वीजगृहांकडे वळवले जाते आणि वीज तयार झाल्यावर वाशिष्ठीत सोडले जाते. सातारा जिल्ह्यात पडलेल्या पावसाचा एक भाग अशा रीतीने दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतो, आणि मुलांना हा भूगोल घाट उतरताना समजावून सांगण्यासारखी दुसरी संधी नाही.

चिपळूणला पोहोचल्यावर थेट समुद्राकडे धाव घेऊ नये. शहराच्या उत्तरेला महामार्गाजवळ परशुरामाचे देवस्थान आहे आणि तेथून वाशिष्ठीची वळणे फार सुंदर दिसतात. साताऱ्याचा माणूस येथे परका नाही. १७२७ साली जंजिऱ्याच्या सिद्दी सातने या देवस्थानाचा विध्वंस केला, तेव्हा येथील तपस्वी ब्रह्मेंद्रस्वामी घाट चढून आले आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने साताऱ्याजवळच्या धावडशीत राहिले. पुढे १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी रेवसजवळच्या लढाईत सिद्दी सातचा पाडाव केला. ब्रह्मेंद्रस्वामींची धावडशीची समाधी आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली असते. तिचा आरंभ परशुरामाच्या डोंगरावर आहे, हे ध्यानात ठेवून दोन्ही ठिकाणे पाहावीत. वेळ असल्यास खाडीकाठचा गोवळकोटही चढून यावा. खाडीच्या पाण्यात मात्र उतरू नये, कारण वाशिष्ठीत मगरी आहेत. सांगलीच्या कृष्णाकाठी राहणाऱ्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

मुक्काम चिपळुणात न करता गुहागरला करावा. हे गाव पायी पाहण्याचे आहे. किनाऱ्याला समांतर जाणारा अरुंद रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, जांभ्या दगडाचे गडगे आणि वाडीतून गेलेल्या पायवाटेच्या टोकाला अचानक उघडणारा लांबलचक किनारा, अशी त्याची रचना आहे. खालचा पाट आणि वरचा पाट हे गावाचे दोन भाग सकाळच्या वेळी निवांत चालून येता येतात. येथील व्याडेश्वर अनेक कोकणस्थ घराण्यांचे कुलदैवत असून सातारा, वाई, सांगली, मिरज येथील कित्येक कुटुंबे कुलाचारासाठी येथे येतात. अभिषेक किंवा नैवेद्य करायचा असल्यास पुजाऱ्यांना आगाऊ कळवावे. ऐनवेळी सांगितल्यास त्यांचीही अडचण होते आणि आपलीही.

गुहागरहून एक दिवस दक्षिणेला वेळणेश्वर व हेदवीसाठी ठेवावा आणि एक दिवस उत्तरेला. उत्तरेकडे अंजनवेलचा गोपाळगड पाहून धोपाव्याला जावे आणि तेथून गाडीसकट फेरीबोटीने दाभोळला उतरावे. कोकणात हिला जंगलजेटी म्हणतात. या दहा-पंधरा मिनिटांच्या प्रवासाने चिपळूणमार्गे जाण्याचा मोठा वळसा टळतो, आणि बंदर पाण्यावरून कसे दिसत असेल हेही कळते. आजचे दाभोळ लहान गाव आहे, पण पंधराव्या-सोळाव्या शतकात हे पश्चिम किनाऱ्यावरील एक अग्रगण्य बंदर होते. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज आरमाराने ते लुटून जाळले. धक्क्याजवळची आदिलशाही काळातील मशीद आवर्जून पाहावी. मोठा घुमट आणि चार कोपऱ्यांवरचे मनोरे असलेली ही दगडी वास्तू गावाच्या मानाने इतकी भव्य आहे, की तिच्याकडे पाहूनच जुन्या दाभोळच्या श्रीमंतीचा अंदाज येतो. मशीद पाहताना पादत्राणे बाहेर काढावीत आणि नमाजाच्या वेळी आत जाऊ नये.

दाभोळपासून दापोली तालुका सुरू होतो: हर्णैचे बंदर, समोरचा सुवर्णदुर्ग, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, आसूदचे केशवराज मंदिर, आणि त्याही पुढे, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळचे वेळास. हा सगळा भाग त्याच खेपेत उरकण्याचा मोह टाळावा. तो आंबेनळीच्या वाटेचा आहे. क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूर, महाडवरून याच बाणकोटला समुद्राला मिळते, तेव्हा तो प्रवास पुढच्या वर्षी उगमापासून मुखापर्यंत करावा. वेळासला ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्ले समुद्रात सोडली जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साहाय्याने हे संरक्षण उभे केले. पिल्ले साधारण फेब्रुवारी अखेरपासून एप्रिलपर्यंत बाहेर येतात, परंतु ठरावीक दिवशी ती दिसतीलच अशी अपेक्षा धरून जाऊ नये. प्रकाशझोत टाकू नये, दोरीच्या आत पाऊल ठेवू नये आणि पिल्लांना हात लावू नये.

सांगलीकरांची वाट आंबा घाटाची. घाट उतरल्यावर साखरप्याहून देवरूखमार्गे संगमेश्वरला जाण्यासाठी अर्धा दिवस काढावा. १६८९ साली छत्रपती संभाजी महाराज जेथे पकडले गेले ते कसबा संगमेश्वर हेच. तेथील कर्णेश्वराचे कोरीव दगडी मंदिर शांतपणे पाहावे असे आहे, तरीही बहुतेक गाड्या ते न पाहताच पुढे जातात, याचे मला फार वाईट वाटते. रत्नागिरी शहरात लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, १९३१ चे पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग आणि थिबा राजवाडा एका दिवसात नीट होतात. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी पदच्युत करून येथे ठेवले. १९१० मध्ये बांधून झालेल्या या राजवाड्यात त्याची अखेरची वर्षे गेली आणि १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. राजवाड्यातील संग्रहालयाला साप्ताहिक सुटी असते, म्हणून वार पाहून जावे. गणपतीपुळ्याला जाताना सांगलीकरांनी कोतवडे गावाचे नाव लक्षात ठेवावे. सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांचे मूळपुरुष हरभट पटवर्धन याच गावचे, आणि सांगलीच्या गणपतीशी जडलेल्या त्यांच्या भक्तीची मुळे या किनाऱ्यावर आहेत.

मालवणला किमान तीन मुक्काम हवेत, अन्यथा जाऊ नये. सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा आरंभ २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाला. कुरटे बेटावरील या किल्ल्यात राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे आणि चहूकडे खारे पाणी असूनही दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. किल्ल्यात सकाळी लवकर जावे, कारण तटावर सावली नाही. पावसाळ्यात तेथे जाणाऱ्या होड्या बंद असतात.

वाट कोणतीही निवडली, तरी भरती-ओहोटीचे गणित आल्याशिवाय किनाऱ्याचा दिवस आखता येत नाही. कोळी आणि खलाशी वापरतात ती रीत सोपी आहे: शुद्ध किंवा वद्य पक्षातील तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, म्हणजे त्या दिवशीच्या भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी खूप वर येते आणि तितकेच खूप मागे जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते व चढउतार कमी असतो. याचा उपयोग असा करावा, की पौर्णिमेच्या दिवशी अकराच्या सुमारास हेदवीची बामणघळ पाहावी, कारण खडकाच्या त्या चिरेत लाट शिरून पाणी उंच उसळते ते भरतीलाच, आणि संध्याकाळी गुहागरचा किनारा ओहोटीने रुंद झालेला असताना चालायला जावे. बामणघळीच्या काठावर, ओल्या खडकावर कधीही उभे राहू नये. हिशेब अंदाजाचा आहे, त्यामुळे गावात एकदा विचारून खात्री करावी.

पोहण्याविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. माहुलीच्या किंवा सांगलीच्या घाटावर लहानपणापासून पोहलेला माणूस समुद्रात अधिक धोक्यात असतो, कारण त्याला आपल्या पोहण्यावर विश्वास असतो. नदीची ओढ एका दिशेने असते व ती दिसते. समुद्रात लाटेबरोबर किनाऱ्यावर आलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने परत आत जाते, आणि वरून तो पट्टा उलट शांत दिसतो. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला जावे आणि ओढ संपल्यावर लाटांबरोबर बाहेर यावे. ओहोटी लागल्यावर, काळोख पडल्यावर आणि मद्यपान केल्यावर पाण्यात उतरू नये. गणपतीपुळ्याचा किनारा खोलगट आहे व तेथे अनेकांचे प्राण गेले आहेत, म्हणून तेथे पाय भिजवण्यावरच थांबावे. गाडी वाळूवर नेऊ नये. भरतीच्या वेळी रुतलेली गाडी ओढून काढणे फार कठीण असते, आणि कासवांची घरटी तुडवली जातात ते वेगळेच.

राहण्यासाठी घरगुती निवास आणि जेवणासाठी घरगुती खाणावळ निवडावी, मात्र जेवणाची वर्दी सकाळीच द्यावी. उकडीचे मोदक, घावन, कोंबडी-वडे हे पदार्थ ऐनवेळी होत नाहीत. मासे त्या दिवशी जे आले असतील तेच मागावेत; १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. लहान गावांत एटीएम मिळेलच असे नाही, म्हणून थोडी रोख रक्कम जवळ ठेवावी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. हापूससाठी एप्रिल-मे गाठायचा असेल तर दमट उकाडा सोसण्याची तयारी ठेवावी आणि दुपारी बाहेर पडू नये. गणेशोत्सवात चाकरमान्यांच्या गाड्यांनी रस्ते भरलेले असतात. कोकणातल्या घरांचा तो स्वतःचा सण आहे, तेव्हा सहलीसाठी तो आठवडा सोडावा. परतताना घाट उजेडी चढावा, त्यासाठी किनारा दुपारी बारापूर्वी सोडावा. उतरताना ज्या गिअरने चढ चढला असता त्याच गिअरने गाडी उतरवावी. पावसाळ्यात कुंभार्ली आणि आंबा घाटांत धुके इतके दाट असते, की पुढची गाडी दिसत नाही, आणि आंबेनळीत दरडी कोसळतात. त्या दिवसांत एक मुक्काम वाढला तरी चालेल, पण रात्री घाटात शिरू नये.