जानेवारीत मुंबई मॅरेथॉन पळायची असेल तर बेळगावच्या थंडीत तयारी कशी करावी

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई पळायची म्हटलं की आपली मेन तयारी येते नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हंजे बरोबर थंडीत. पहाटे पारा १२-१३ पर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली, आणि अलार्म बंद करून परत गोधडीत शिरायला निमित्तच मिळतं. पण पळायला ह्यापेक्षा चांगली हवा आपल्याकडं वर्षात दुसरी नाही ओ. फक्त ही थंडी फसवते, ते कुठं कुठं तेवढं बघून ठेवा.

१) आधी हिशोब. आठवड्याला ३०-४० किमी आरामात होत असेल तरच फुल मॅरेथॉनचं (४२ किमी) नाव काढा, नाहीतर यंदा हाफ करा की, २१ किमी काय कमी आहे? फुलसाठी १६ आठवडे उलटे मोजले की सुरुवात सप्टेंबरच्या शेवटी येते, पाऊस सरताना. दर आठवड्याला साधारण दहा टक्केच वाढवा, दर चौथा आठवडा हलका ठेवा.

२) कपडे. घरातनं निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, दहा मिनिटांनी अंग तापतंच. आत घाम लवकर वाळणारा ड्राय-फिट टीशर्ट, वर पातळ विंडचीटर, कानटोपी आणि हातमोजे, एवढं बास. कॉटनचा टीशर्ट आणि त्यावर स्वेटर नको, घामानं भिजला की वाळत नाही आणि पळणं थांबवलं की अंग गार पडतंय.

३) वॉर्मअप घरातच. गार पोटऱ्यांनी थेट स्पीड धरला की स्नायू धरतोच. दहा-बारा मिनिटं गुडघे वर, लेग स्विंग, जागच्या जागी जॉगिंग, मग बाहेर. ताणून धरायचे स्ट्रेचेस पळून आल्यावर करा. दमा असेल तर गार कोरड्या हवेत छाती भरते, डॉक्टरांना विचारून ठेवा, इनहेलर खिशात.

४) रूट, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. सूर्य सातच्या सुमारास वर येतो आणि लाँग रन, म्हंजे आठवड्यातला सगळ्यात लांबचा रन, पाचला सुरू होतो, म्हंजे दोन तास अंधार, त्यात धुकं, त्यात उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतात, मागं लाईट असेलच ह्याची खात्री नाही. म्हणून हायवे सोडा. बेळगावच्या कॅम्पातले झाडीचे रस्ते नाहीतर व्हॅक्सिन डेपोचा परिसर, कंटाळा आला तरी तिथंच गोल मारा, उजेड झाल्यावरच गावाबाहेर पडा. रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरनं येणारी गाडी दिसेल असं पळा, रिफ्लेक्टर जॅकेट आणि हेडलॅम्प घालून. चिकोडी-निपाणीकडचे असाल तर पाचट पेटवलेल्या शिवारातनं पळू नका, थंडीत तो धूर वर जातच नाही, जमिनीलगत बसून राहतो. चढासाठी आठवड्यातनं एकदा येळ्ळूरचा राजहंसगड गाठा, मुंबईत परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ पाय संपलेले असतानाच येतो, तेव्हा आठवेल.

५) पेस, म्हंजे पळायचा वेग. गार हवेत दम लवकर लागत नाही, त्यामुळं पहिले पाच किमी उडतात आणि पुढं पाय बोलायला लागतात. लाँग रनला शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, नाहीतर स्लो करा, घड्याळ काय म्हणतंय ते सोडा. सगळ्यात मोठा रन ३०-३२ किमी, रेसच्या तीन आठवडे आधी, त्यानंतर अंतर उतरवत आणा.

६) पाणी. थंडीत तहान लागत नाही, घाम दिसत नाही, पण जातो तेवढा जातोच. सोबत बाटली ठेवा, अधूनमधून घोट घेत राहा. दीड तासाच्या वर पळणार असाल तर तासाला ३०-६० ग्रॅम कार्ब लागतात, पळताना घ्यायचं एनर्जी जेल महाग वाटलं तर खजूर, केळं, गूळ चालतंय. जे रेसला खाणार तेच इथं खाऊन बघा. परत आल्यावर आधी ओले कपडे बदला, कट्ट्यावर चहा मारत गप्पा नंतर. मग नाचणीची आंबील गरम करून घ्या.

७) शेवटचे दोन आठवडे. मुंबईत जानेवारीतही दमटपणा असतो, आणि आपलं अंग गारव्याला सोकावलेलं. त्यामुळं ह्या दिवसात छोटे रन पहाटे न करता नऊ-दहाला उन्हात करा, उकाड्याची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. रेसला पहिले दहा किमी इथल्यापेक्षा हळूच. आणि शनिवारी सकाळी मुंबईत उतरून एक्स्पोत (रेसचा नंबर मिळतो तिथं) चार-चार तास उभं राहू नका, जमलं तर गुरुवारी रात्रीच बस पकडा, शुक्रवारी बिब, म्हंजे छातीवर लावायचा नंबर, घ्या आणि शनिवारी पाय वर करून पडा.