सर्व्हिस परतवताना या चुका टाळा

टेनिसमध्ये टोपलीभर चेंडू घेऊन तासन्‌तास सर्व्हिस घोटवणारे खेळाडू रिटर्नचा, म्हणजे समोरून आलेली सर्व्हिस परतवण्याचा, वेगळा सराव मात्र क्वचितच करतात, आणि म्हणूनच त्याच त्या चुका सामन्यागणिक पाहाव्या लागतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे रॅकेट फार मागे नेणे. ताशी 200 किलोमीटर वेगाची सर्व्हिस सुमारे अर्ध्या सेकंदात तुमच्यापर्यंत पोहोचते. हौशी खेळात वेग कमी असला, तरी रॅलीतल्यासारख्या (सलग फटक्यांच्या देवाणघेवाणीतल्यासारख्या) लांबलचक बॅकस्विंगला तिथेही सवड नसते. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाचा फोरहँड जबरदस्त होता आणि रिटर्नही तसाच सणसणीत मारायचा, असा त्याचा हट्ट होता. एका सामन्यात समोरच्याची सर्व्हिस साधीच, पण नेमकी अंगावर येणारी होती. याची रॅकेट अजून पाठीमागेच असताना चेंडू फ्रेमला लागून शेजारच्या कोर्टवर जाई. सेट संपेपर्यंत त्याने तारांच्या ताणापासून उन्हापर्यंत सर्वांना दोष दिला. पुढच्या सरावात मी त्याला कोर्टामागच्या तारेच्या जाळीला जवळजवळ पाठ लावून उभे केले. रॅकेट मागे गेली की ती जाळीवर खणकन आपटे. फक्त खांदे वळवायचे, हात शरीराच्या पुढे ठेवायचे आणि आलेल्या वेगावरच चेंडू परतवायचा, हे माझ्या बोलण्याने त्याला पटले नव्हते. त्या आवाजाने पटले. नवी रॅकेट घेऊन हा दोष जात नाही, तरी उतावळे नवशिके आधी दुकानच गाठतात.

टाचा टेकवून वाट पाहू नका. प्रतिस्पर्ध्याची रॅकेट चेंडूला भिडण्याच्या सुमारास छोटी उडी घेऊन दिशा कळताच जमिनीवर यावे. मी टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी फेकलेला चेंडू, वर जाताच एक पाऊल पुढे टाकतो, त्यामुळे ती वेळ साधते.

जोरदार पहिल्या सर्व्हिसवर डाउन द लाइन (बाजूच्या रेषेलगत सरळ) विजयी फटक्याचा मोह आवरा. कोर्ट दुभागणारी जाळी मध्यभागी 0.914 मीटर, तर खांबांपाशी 1.07 मीटर उंच असते आणि तिरका (क्रॉसकोर्ट) फटका अधिक लांबीच्या कोर्टात पडतो, त्यामुळे क्रॉसकोर्ट रिटर्नला दोन्हीकडून मोकळीक मिळते.

रशियाचा टेनिसपटू दानिल मेदवेदेव बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या रेषेच्या) खूप मागे उभा राहतो म्हणून तुम्हीही राहू नका. त्याची पोच आणि धाव नसेल, तर बाहेर वळणारी सर्व्हिस तुम्हाला पार शेजारच्या कोर्टात नेते. दुसऱ्या, मंद सर्व्हिसला तर बेसलाइनच्या आतच या.