कटिंग मशीनवर कागदी शॅडो बॉक्स करताय? या चुका टाळा

"ताई, मशीन कागद फाडायलंय." शॅडो बॉक्स म्हणजे कागदाचे कोरलेले थर एकामागे एक लावून फ्रेममध्ये बसवलेलं, खोल दिसणारं चित्र. ते करणाऱ्यांचे मला येणारे बरेचसे फोन इथूनच सुरू होतात. सॉफ्टवेअरमधलं डिझाइन ब्लेडनं कापणारं हे मशीन क्रिकट कंपनीचं असो की सिल्हुएटचं, ते बिचारं सांगितलं तेवढंच करतं. घोळ बहुतेक वेळा कागदात असतो, मॅटवर (कागद धरून ठेवणाऱ्या चिकट शीटवर) असतो, नाहीतर समोर बसलेल्या माणसाच्या घाईत असतो.

कुलरसमोर कागद ठेवणं

मे महिन्यात मराठवाड्यात कुलरशिवाय बसवत नाही, मान्य. पण कागदाला कुलर सोसत नाही. छत्रपती संभाजीनगरातल्या एका मुलीनं मैत्रिणीच्या वास्तुशांतीला द्यायला बीबी का मकबऱ्याचा शॅडो बॉक्स करायला घेतला होता. मागे आकाश, मग घुमट, मग मिनार आणि सगळ्यात पुढे दरवाजाची कमान. डिझाइन देखणं होतं, पण जाळीचा थर लावला की कोपरे फाटायचे. तिनं आधी ब्लेडचं प्रेशर वाढवलं. मग ब्लेड बदललं. मग पुन्हा प्रेशर वाढवलं, इतकं की मॅटवरच मकबऱ्याची जाळी कोरली गेली. मशीन परत करायच्या गोष्टी सुरू झाल्या तेव्हा मी तिच्या घरी गेले. टेबल कुलरच्या अगदी तोंडासमोर आणि त्यावर कार्डस्टॉकचं, म्हणजे जाड कागदाचं, पाकीट उघडं. एक कागद कोपऱ्यात धरून हलवला. कोरडा कार्डस्टॉक कडकड वाजतो. हा सादळलेल्या पापडासारखा गप्प.

ओल धरलेल्या कागदाचे तंतू फुगून नरम पडतात. ब्लेड त्यांना कापण्याऐवजी ओढत नेतं. सरळ रेषेत ते कळत नाही, पण जाळीच्या कोपऱ्यात ब्लेड वळलं की तिथला कागद सोबत उचलला जातो. वरून मॅटही अशा कागदाला नीट धरत नाही. प्रेशर वाढवून यातलं काहीच सुधारत नाही, मॅटची मात्र वाट लागते. तिला कुलर बंद करायला लावला आणि कागद रात्रभर आतल्या कोरड्या खोलीत, वर हलकं वजन ठेवून पसरायला लावले. दुसऱ्या दिवशी जुन्याच ब्लेडनं, मूळ सेटिंगवर जाळी स्वच्छ निघाली. नवं ब्लेड अजून तिच्या ड्रॉवरमध्ये आहे.

माझ्याकडे कापायच्या दिवशी कुलर बंद असतो. घाम पुसायला रुमाल घ्यायचा. कागद झिपच्या पिशवीत, कपाटात आडवे. पावसाळ्यात तर पिशवीतून एका वेळी लागेल तेवढाच कागद बाहेर.

मॅटवरून कागद ओढून काढणं

कागद मॅटवरून उचलायचा नाही, मॅट कागदावरून उचलायची. मॅट टेबलावर पालथी घाला, एक कोपरा वर वाकवा आणि मॅट मागे मागे घेत जा, कागद टेबलावर सपाट राहिला पाहिजे. कागद ओढला की त्याला बाक बसतो, आणि एकदा बसलेला बाक पुस्तकांखाली दाबूनही पूर्ण जात नाही.

कागद कोणता

थरांसाठी 200 ते 250 जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) कार्डस्टॉक घ्या. रंग आतपर्यंत असलेला घ्या. वरून रंगीत आणि आतून पांढरा कागद स्वस्त पडतो, पण कापल्यावर प्रत्येक कडेला पांढरी रेघ दिसते आणि शॅडो बॉक्समध्ये तर सगळा खेळ कडांचाच. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद मला फार आवडतो, पण तो या ब्लेडखाली घालू नका. जाडी सगळीकडे सारखी नसते, तंतू लांब असतात, बारीक नक्षीत कडा कुसळासारख्या उभ्या राहतात. त्याला सगळ्यात मागच्या थरात, न कापता, आकाश म्हणून लावा. फार शोभतो.

मोठं डिझाइन लहान करून कापणं

12 इंचांची फाइल 8 इंचांवर आणली की 2 मिलिमीटरची रेघ सव्वा मिलिमीटरच्या आसपास उरते. मग ती तुटते आणि पुन्हा मशीनचं नाव. दीड मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ मी ठेवतच नाही, जाड करते नाहीतर उडवते. लहान करताना सगळे थर एकत्र निवडून लहान करा. एकेक थर वेगळा ओढला की बाहेरची चौकट जुळत नाही.

दुसरं म्हणजे अधांतरी तुकडे. वेरूळचं दहावं लेणं या कामाला फार छान आहे. छताच्या दगडी फासळ्या एकामागे एक, शेवटी स्तूप आणि त्याच्यापुढे बसलेले बुद्ध. प्रत्येक फासळी म्हणजे एक थर, आत आत लहान होत जाणारा. पण बुद्धांची आकृती स्तूपाला किंवा चौकटीला कुठेतरी जोडलेली नसेल, तर कापून झाल्यावर ती सुटी हातात येते. कापण्याआधी प्रत्येक थरात बोट फिरवल्यासारखं बघा: चौकटीपासून निघालं की प्रत्येक तुकड्यापर्यंत पोचता येतंय का? आणि क्रिकटवर 'अटॅच' करायला, म्हणजे भाग एकमेकांच्या जागेवर बांधून ठेवायला, विसरू नका, नाहीतर सॉफ्टवेअर कागद वाचवायला भाग इकडचे तिकडे मांडून ठेवतं.

फोम टेपची घाई

थरांमध्ये फट ठेवणारी जाड, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप म्हणजे फोम टेप. इथे माझं डोकं खरंच सरकतं. तास दीड तास मशीन कापतं, आणि माणूस चिकटवायला दहा मिनिटं द्यायला तयार नाही! रीलमध्ये अर्ध्या मिनिटात होतं म्हणून. चारही बाजूंच्या टेपचा कागद एकदम सोलायचा, थर हवेत धरून अंदाजानं टेकवायचा, तो तिरका बसायचा, मग ओढायचा आणि फाडायचा.

मी सुताराचा गुण्या वापरते. तो टेबलावर चिकटपट्टीनं पक्का करायचा आणि प्रत्येक थर त्याच कोपऱ्यात टेकवून बसवायचा. टेपचा कागद आधी फक्त टोकांना इंचभर सोलून बाहेर दुमडायचा. थर जुळला, कोपरे दाबले, की मग उरलेला कागद बाजूनं ओढून घ्यायचा. टेप नुसती कडेला लावू नका. मधला भाग पुढे झुकतो, म्हणून पुढच्या थराआड झाकली जाईल अशा जागी मध्ये छोटे तुकडे हवेतच. आणि आधी सगळे थर कोरडेच एकावर एक ठेवून बघा. क्रम चुकलाय हे तेव्हा कळलेलं बरं.

कापता कापता लाईट गेली तर मॅट पुन्हा त्याच जागी बसत नाही. तो कागद गेला म्हणून समजा. मशीन इन्व्हर्टरवर घ्या. ब्लेडच्या टोकाला कागदाचा भुसा अडकतो, अॅल्युमिनियम फॉइलच्या गोळ्यात दोन-चारदा टोचलं की साफ. मागून एलईडी पट्टी लावणार असाल तर 5 व्होल्टची, उबदार पिवळी घ्या आणि पुढे ट्रेसिंग पेपर लावा, नाहीतर दिव्याचे ठिपके मोजत बसाल.

फ्रेम आधी घेऊन ठेवणं

सहा थर म्हणजे मध्ये पाच फटी. 3 मिलिमीटरची टेप धरली तर 15, कागदाचे 2, दिव्यासाठी 15, मागच्या पाटीचे 3. झाले 35 मिलिमीटर. बाजारातली साधी फोटोफ्रेम यात कुठेच बसत नाही. शिवाय फ्रेमची पट्टी पुढून चारही कडा झाकते, म्हणून चौकटीला सेंटिमीटरभर मोकळी कड ठेवा, नाहीतर मिनारांची टोकं आत जातात. फ्रेमवाल्याकडे माप तोंडी सांगू नका, चिकटवलेला गठ्ठा सोबत न्या. तो "बसंल की" म्हणाला, तर तिथंच बसवून दाखवायला लावा.