फळछाटणीनंतरची द्राक्षबाग : भुरीचे औषध डाऊनीवर का चालत नाही

ऑक्टोबर छाटणीनंतर नाशिक आणि सांगली भागांतील द्राक्षबागा पोंगा अवस्थेतून (डोळे फुटण्याच्या टप्प्यातून) फुलोऱ्याकडे जात असताना पहाटेचे दव, ढगाळ हवा आणि मधूनच येणारी अवकाळी सर यांमुळे डाऊनी म्हणजेच केवडा हा रोग झपाट्याने पसरतो. अशा वेळी भुरी या दुसऱ्या रोगासाठी आणून ठेवलेले हेक्साकोनॅझोल हे बुरशीनाशक डाऊनीवरही फवारले जाते आणि त्यात मोलाचे दिवस वाया जातात.

भुरी ही खरी बुरशी आहे आणि तिच्या पेशीभित्तिकेत (पेशीच्या बाहेरच्या आवरणात) ग्लुकन या शर्करेच्या साखळीबरोबर कायटिन, म्हणजे कोळंबीच्या कवचातले द्रव्य, असते. डाऊनी घडवणारा प्लाझ्मोपारा हा जीव बुरशीसारखा दिसत असला तरी तो तपकिरी शैवालांचा दूरचा भाऊबंद असून त्याची भित्तिका मुख्यतः ग्लुकन आणि सेल्युलोजची बनलेली असते. हेक्साकोनॅझोल बुरशीच्या पेशीपटलातील ज्या अर्गोस्टेरॉल या घटकाची निर्मिती रोखते, ते तर हा जीव स्वतः तयारच करत नाही.

डायमेथोमॉर्फ, मॅन्डीप्रोपॅमिड आणि इप्रोव्हॅलीकार्ब ही औषधे नेमकी सेल्युलोजच्या निर्मितीवर घाव घालतात, त्यामुळे भुरीवर ती निरुपयोगी ठरतात. ओल्या पानावर पोहणाऱ्या डाऊनीच्या बीजाणूंना भित्तिकाच नसते. पानाखालच्या पर्णरंध्राशी स्थिरावल्यावरच ते ती बांधतात. म्हणून ही फवारणी पाऊस किंवा दवाच्या अंदाजाआधी आणि पानाच्या खालच्या बाजूपर्यंत पोहोचेल अशी करावी. डाग दिसल्यावर तिचा उपयोग बराच कमी होतो.

ही तिन्ही औषधे एकाच गटातील आहेत. व्यापारी नाव बदलले म्हणजे औषध बदलले, ही समजूत महागात पडते, कारण सेल्युलोज बनवणाऱ्या जनुकातील एका बदलानेही डाऊनीला संपूर्ण गटाविरुद्ध प्रतिकारक्षमता येऊ शकते. त्यामुळे या गटाच्या फवारण्या लागोपाठ घेऊ नयेत आणि प्रत्येक वेळी मॅन्कोझेबसारख्या स्पर्शजन्य (पानाच्या पृष्ठभागावरच राहून काम करणाऱ्या) बुरशीनाशकाची जोड द्यावी.

रोगाची खात्री नसेल, तर तेलकट पिवळा डाग असलेले पान संध्याकाळी ओल्या कागदासह प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून सावलीत ठेवावे. सकाळी डागाच्या बरोबर खाली कापसासारखी पांढरी वाढ दिसली, तर ती डाऊनी समजावी; भुरीची राखेसारखी पूड बहुधा पानाच्या वरच्या बाजूला दिसते आणि बोटाने पुसली जाते. मात्रा आणि काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी लेबलप्रमाणेच पाळावा. निर्यातीच्या बागेत तर लेबल क्लेम (म्हणजे द्राक्षावर त्या रोगासाठी वापरण्याची अधिकृत नोंद) नसलेले औषध पंपात भरूच नये.